प्रश्न लिहिता येईपर्यंत

अकरावीत असताना मी इंटरनेटवर, प्रश्नोत्तरांच्या एका संकेतस्थळावर विचारलेला पहिला प्रश्न वीस मिनिटांच्या आत बंद करण्यात आला, म्हणजे त्याला कोणी उत्तर देऊ शकणार नाही असे केले गेले. खरे तर त्यात प्रश्न म्हणण्यासारखे काही नव्हतेच. पुस्तकातल्या एका पानाचा फोटो, त्यावर पेन्सिलीने गोल केलेली पाच उदाहरणे आणि खाली एकच ओळ होती : ‘उद्या वही द्यायची आहे, कृपया लवकर सोडवून द्यावे.’ फोटोच्या कोपऱ्यात माझे नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक वाचता येत होता, याकडे माझे लक्षही गेले नव्हते. एका अनोळखी व्यक्तीने आधी तो भाग कापून टाकण्यास सुचवले आणि मग विचारले, ‘तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिले?’ मला त्या वाक्याचा राग आला. करून पाहता आले असते तर इथे कशाला आले असते, असे मनाशी म्हणत मी ते पान मिटवून टाकले.

दुसऱ्या एका संकेतस्थळावर मात्र असली चौकशी कोणी करत नसे. उदाहरण टाकावे आणि थोड्या वेळाने त्याखाली तयार उत्तर उतरवून घ्यावे, असा तिथला शिरस्ता होता आणि पुढचे दोनेक महिने मी तेच केले. वही पूर्ण दिसत होती, उत्तरे पुस्तकामागच्या उत्तरांशी जुळत होती, त्यामुळे आपला अभ्यास चालला आहे असे मला मनापासून वाटत होते. हा समज एका लिमिटच्या उदाहरणाने मोडला.

उदाहरण ओळखीचे आहे : क्ष शून्याकडे जात असताना ‘साइन क्ष भागिले क्ष’ याचे लिमिट १ येते, म्हणजे ती किंमत १ च्या हवी तितकी जवळ जाते, हे सिद्ध करायचे. मला मिळालेले उत्तर दोन ओळींचे होते. अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जातात, म्हणून लोपितालचा नियम लावा, म्हणजे दोन्हींऐवजी त्यांची डेरिव्हेटिव्ह (बदलाचे दर) घेऊन भागाकाराचे लिमिट काढा. अंशाचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन, छेदाचे १, आणि शून्य अंशाचे कोसाइन १, म्हणून उत्तर १. पुस्तकात याच सिद्धतेला अर्धे पान आणि वर्तुळाची एक आकृती लागली होती, तेव्हा आपल्याला जवळची वाट सापडली याचा मला आनंदच झाला. सरांनी वही पाहिली आणि मला फळ्यापाशी बोलावले. ‘साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन असते हे कशावरून?’ मी म्हणाले, ‘सर, तसे सूत्रच आहे.’ त्यांनी ते सूत्र व्याख्येपासून काढून दाखवायला सांगितले. चौथ्या ओळीवर मी थांबले, कारण तिथे ‘साइन ह भागिले ह’ याचे लिमिट समोर उभे होते आणि ते १ आहे हे वापरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. जे सिद्ध करायचे होते, तेच मी आधी गृहीत धरून बसले होते. सर रागावले नाहीत. ‘हे तुझे नाही,’ एवढेच म्हणाले आणि वही परत दिली. रागावले असते तर बरे झाले असते, असे त्या दिवशी वाटले.

उत्तराचा आकडा बरोबर होता, नियमही खरा होता, आणि तरीही ती सिद्धता नव्हती. ही गोष्ट मला त्याआधी कधी शक्यच वाटली नव्हती. उत्तर लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘मला हे का सिद्ध करायचे आहे आणि आतापर्यंत मला काय काय माहीत आहे’ हे मी त्याला सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्याने त्याच्या माहितीतली सर्वांत छोटी वाट मला दिली होती.

त्यानंतर मी बऱ्याच दिवसांनी, जिथे माझा प्रश्न बंद झाला होता तिथले नियम प्रथमच नीट वाचले आणि मग अशा इतर ठिकाणांचेही वाचले. २००१ पासून चालू असलेल्या ‘फिजिक्स फोरम्स’वर गृहपाठाच्या प्रश्नासाठी ठरावीक साचा असे : मूळ प्रश्न, त्याला लागणारी सूत्रे आणि स्वतः केलेला प्रयत्न. २०१० साली सुरू झालेल्या ‘मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज’वरही नुसता उतरवून टाकलेला प्रश्न चालत नाही, तो कुठून आला, तुम्हाला त्यातले काय येते आणि नेमके कुठे अडले आहे, हे लिहावे लागते. पहिल्या वाचनात मला ही सगळी कार्यालयीन अर्जासारखी अडवणूक वाटली. हळूहळू लक्षात आले की उत्तरे देणारी ही माणसे कोणाचे नोकर नाहीत. आपला मोकळा वेळ ती एखाद्या अनोळखी विद्यार्थ्यासाठी खर्च करतात, आणि त्या वेळेचा उपयोग व्हावा एवढीच त्यांची मागणी असते. माझा गृहपाठ संपवण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता, आणि तो का असावा?

नियम पाळून विचारलेला माझा पहिला प्रश्न एका साध्या समीकरणाचा होता : √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे क्ष² − ११क्ष + १८ = ०, आणि त्याची मुळे २ व ९. पुस्तकामागे उत्तर फक्त ९ दिले होते. मी तीनदा आकडेमोड तपासली, तिन्ही वेळा दोन मुळे आली, आणि छपाईची चूक असावी असा निष्कर्ष काढून मी निश्चिंत झाले होते. पण आता प्रयत्न लिहून दाखवायचा असल्याने तो सगळा पायरीपायरीने मांडणे भाग पडले.

मांडण्यातही एक गोष्ट शिकायला मिळाली, ती गणिताची आहे की टंकलेखनाची हे मला अजून ठरवता आलेले नाही. अशा ठिकाणी सूत्रे ज्या पद्धतीने लिहितात तिचे मूळ डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये आणलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आहे, आणि तिच्यात अपूर्णांकाचा अंश कुठे संपतो, मुळाच्या चिन्हाखाली किती पदे येतात, हे प्रत्येक वेळी महिरपी कंसांत बांधून सांगावे लागते. हाताने लिहिताना मुळाच्या चिन्हाची रेघ मी जाईल तिथपर्यंत ओढत असे. कधी ती ७ वर पोहोचे, कधी क्ष वरच थांबे. इथे रेघ कुठवर न्यायची ते मलाच ठरवावे लागत होते, आणि माझ्या वहीतल्या कित्येक चुका त्या आखूड रेघेतून निघाल्या होत्या, हे तेव्हा मला उमगले.

प्रश्न टाकल्यावर तासाभराने एक प्रतिसाद आला. त्यात उत्तर नव्हते, फक्त दोन वाक्ये होती : ‘क्ष = २ मूळ समीकरणात घालून पाहिलेत का? डाव्या बाजूचे चिन्ह काय येते आणि उजव्या बाजूचे काय?’ मी घालून पाहिले. डावीकडे ९ चे वर्गमूळ, म्हणजे ३. उजवीकडे २ − ५, म्हणजे −३. मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. ३ आणि −३ वेगळे आहेत, पण त्यांचे वर्ग एकच आहेत; म्हणजे मी वर्ग केला त्या क्षणी एक खोटे विधान खरे होऊन बसले होते. छपाईची चूक नव्हती, आकडेमोडीचीही नव्हती. वर्ग करणे ही अशी पायरी होती की जिच्यावरून पुढे जाता येते, पण मागे येताना वाट एकच राहत नाही.

‘दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली की समीकरण तसेच राहते’ हे वाक्य मी कित्येक वर्षे घोकले होते, आणि त्याला अपवाद आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते असेही नाही; वर्गात ‘उत्तरे पडताळून पाहा’ अशी सूचना नेहमीच असे. पण पडताळणी ही मला शिस्तीची बाब वाटत होती, हात धुण्यासारखी. ती का लागते, कोणत्या पायरीमुळे लागते, हे त्या दोन वाक्यांनी दाखवले. त्या व्यक्तीने पूर्ण उत्तर लिहिले असते तर मी ते उतरवून पुढच्या उदाहरणाकडे वळले असते, याबद्दल मला शंका नाही. मी खाली लिहिले की वर्ग केल्याने चिन्ह पुसले गेले, म्हणून २ हे मूळ मागाहून घुसले. त्यावर उलट प्रश्न आला : ‘मग घन केला असता तर?’ तो मी रात्री झोपताना सोडवला. घन केल्यावर चिन्ह टिकते, त्यामुळे वास्तव संख्यांत असा घोटाळा होत नाही.

याच सुमारास भौतिकशास्त्राचे एक उदाहरण घेऊन मी अडले. कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या एका टोकाला ३ किलो आणि दुसऱ्या टोकाला ५ किलो वस्तुमान टांगले आहे. दोरी वजनरहित आणि कप्पी घर्षणरहित मानून त्वरण काढायचे होते. पुस्तकाचे उत्तर २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग होते आणि माझे ६.५३ येत होते. मी प्रश्न लिहायला घेतला. मूळ प्रश्न लिहिला, सूत्रे लिहिली, आणि मग माझ्या प्रयत्नाची पहिली ओळ लिहिली : ‘५ किलोचे वजन दोरीला खाली ओढते, म्हणून दोरीतला ताण ५ गुणिले ९.८, म्हणजे ४९ न्यूटन.’ इथपर्यंत आल्यावर मी थांबले, कारण उत्तर देणारे ‘म्हणून’ या शब्दावर बोट ठेवतात हे आता मला ठाऊक होते. म्हणून कशावरून? हे समजावण्यासाठी मी पुढचे वाक्य लिहू लागले : ‘५ किलोच्या वस्तूवर खाली ४९ न्यूटन गुरुत्वबल आहे आणि दोरीमुळे वर ४९ न्यूटन...’ आणि वाक्य अर्धवटच राहिले. दोन्ही बले सारखी असतील तर ती वस्तू खाली यायलाच नको; आणि उदाहरणाचा सगळा मुद्दा तर ती खाली येते हाच होता.

वजन स्थिर टांगलेले असताना जे खरे असते, ते मी हलत्या वजनाला लावले होते. ताण अज्ञात ठेवून दोन्ही वस्तूंसाठी वेगवेगळी समीकरणे मांडली तेव्हा त्वरण २.४५ आले आणि ताण ३६.७५ न्यूटन आला. म्हणजे ५ किलोच्या वजनापेक्षा कमी, ३ किलोच्या वजनापेक्षा जास्त, आणि तसाच तो असायला हवा होता. हा प्रश्न मी पाठवलाच नाही. मात्र पुसूनही टाकला नाही. संगणकावर ‘न पाठवलेले’ या नावाची एक फाइल केली आणि त्यात ठेवला. पुढे त्या फाइलमध्ये भर पडत गेली. बारावी संपली तेव्हा तिच्यात एकसष्ट प्रश्न होते आणि प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न तेवीस. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांत टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपली अडचण समजावून सांगण्याची जुनी पद्धत आहे, असे मी नंतर वाचले. माझ्याकडे बदक नव्हते. चिकित्सक अनोळखी वाचक होता, आणि तो बदकापेक्षा बराच अधिक धाक दाखवत असे.

इथल्या सगळ्याच गोष्टी अशा सरळ चालत होत्या असे मात्र नाही. विज्ञानाच्या एका प्रकल्पासाठी विमान हवेत कसे तरंगते हे मला लिहायचे होते, आणि शोधताना एक जुने, भरपूर पसंती मिळालेले उत्तर सापडले : पंखाची वरची बाजू वक्र असल्याने वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, मागच्या कडेला तिला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचायचे असते, म्हणून ती वेगाने जाते आणि वरचा दाब कमी होतो. वाचायला इतके सुबक वाटले की मी ते आकृतीसह उतरवले. पानाच्या अगदी तळाशी, जेमतेम दोन मते मिळालेल्या एका उत्तरात कोणीतरी विचारले होते की वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोहोचावे असा नियम कोणी केला, आणि तसे असेल तर विमाने उलटी कशी उडतात? पुढे पाहिले तेव्हा नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या माहितीत हेच स्पष्टीकरण चुकीचे म्हणून नोंदलेले आढळले. वरची हवा खरोखरच वेगाने जाते, इतकेच नव्हे तर ती खालच्या हवेच्या आधी पोहोचते. आणि विमान वर उचलले जाण्याचा संबंध पंख हवेला खाली वळवतो याच्याशी आहे. मतांची संख्या ही किती जणांना उत्तर आवडले ते सांगते, आणि सुबक उत्तर आवडणे स्वाभाविक आहे. त्यानंतर मी कोणत्याही पानावरचे सर्वांत खालचे उत्तर आधी वाचू लागले. ती सवय नेहमीच फायद्याची ठरते असे नाही, कारण तळाशी पुष्कळदा नुसता कचराही असतो.

मी बारावीत असताना, २०२२ च्या डिसेंबरात, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता तोच आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळाने त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकण्यास बंदी घातली. अशी उत्तरे दिसायला चांगली असतात, सहज तयार होतात आणि त्यांत चुकांचे प्रमाण मोठे असते, असे कारण दिले होते. मला त्या विमानाच्या पंखाची आठवण झाली. माझ्या वर्गातली मुले मात्र तोवर तिकडे वळली होती, आणि त्यांच्या वह्या माझ्या अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या वहीसारख्या पूर्ण दिसू लागल्या होत्या.

बारावीच्या मध्यावर मी स्वतः उत्तरे देऊ लागले, आणि उत्तर येणे व दुसऱ्याला एक पायरी दाखवणे यांत किती अंतर आहे ते समजले. एका मुलाने लिहिले होते की दोन फासे टाकल्यावर बेरीज ७ येण्याची आणि ८ येण्याची संभाव्यता सारखीच असावी, कारण ७ साठी १-६, २-५, ३-४ आणि ८ साठी २-६, ३-५, ४-४ अशा तीन-तीनच जोड्या आहेत. मी लगेच सहा छत्तीसांश आणि पाच छत्तीसांश असे लिहिले, मग खोडले. ‘एक फासा लाल आणि एक निळा असता तर?’ एवढेच ठेवले. ते वाक्य ठरवायला मला उदाहरण सोडवण्याच्या दहापट वेळ लागला असेल. दोन दिवस त्याचे काही उत्तर आले नाही आणि मी अस्वस्थ होऊन चार वेळा पान उघडून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिले की बाकीच्या जोड्या दोन प्रकारे येतात, पण ४-४ ही जोडी लाल-निळ्यातही एकाच प्रकारे येते. मला अजून आठवते, मी खुर्चीतून उठले होते.

ज्या पायरीसाठी मदत मिळाली तिच्यापाशी वहीच्या समासात तशी नोंद करायची, हा नियम मी त्या लिमिटच्या प्रसंगानंतर स्वतःला घालून घेतला होता. अशा अनेक ठिकाणचा मजकूर मूळ लेखकाचा उल्लेख करण्याच्या अटीवरच वापरता येतो, हे कळले नंतर. मला फक्त ‘हे तुझे नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकायचे नव्हते. सर त्या नोंदी वाचत आणि कधी कधी त्यांपुढे बारीक बरोबरची खूण करत.

माझा शेवटचा मोठा प्रश्न त्याच लिमिटबद्दल होता. पुस्तकातली सिद्धता एकक वर्तुळात (त्रिज्या १ असलेल्या) एक लहान त्रिकोण, त्याबाहेरची वर्तुळपाकळी (दोन त्रिज्या आणि कंस यांमधला तुकडा) आणि त्याबाहेरचा मोठा त्रिकोण यांची क्षेत्रफळे ताडून पाहते. त्यात वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ लागते, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ लागते. आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ आम्ही कसे काढले होते? आत बसवलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजूंची संख्या वाढवत नेऊन. तिथे तेच ‘साइन भागिले कोन’ पुन्हा येते. मग पुस्तकाची सिद्धताही माझ्या दोन ओळींसारखी वर्तुळात फिरत नाही का? हा प्रश्न लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या आणि तो ‘न पाठवलेले’ मध्ये जाईल अशी मी वाट पाहिली, पण या वेळी तो सुटला नाही, म्हणून पाठवला.

उत्तरे दोन आली आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. एकाचे म्हणणे होते की साइनची व्याख्याच अनंत श्रेणीने करावी. मग क्ष ने भागल्यावर लिमिट समोरच दिसते, मात्र ही श्रेणी म्हणजे त्रिकोणातलीच साइन आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते. दुसऱ्याने आर्किमिडीजकडे बोट दाखवले : टोके तीच असलेल्या, एकाच बाजूला फुगलेल्या दोन बहिर्वक्र रेषांपैकी बाहेरची रेषा लांब, एवढे आर्किमिडीजने मान्य करून घेतले होते, आणि तेवढ्यावर वर्तुळाचा कंस आतल्या व बाहेरच्या सरळ रेषांच्या मध्ये पकडता येतो, क्षेत्रफळाकडे जावेच लागत नाही. दोघांचा वाद पुढे वीसेक प्रतिसादांपर्यंत गेला आणि त्यातला निम्मा मला समजला नाही.

मी ते सगळे छापून सरांना दिले. त्यांनी उभ्याउभ्याच पहिले पान वाचले, मग कागद घडी करून पुस्तकात ठेवले आणि तासाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते कागद परत आले तेव्हा आर्किमिडीजच्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘पण वक्र रेषेची लांबी म्हणजे काय, हे आधी ठरवायला नको का? विचारून बघ.’ मी तो प्रश्न विचारला. पण त्याआधी दोन दिवस स्वतः झगडले, आणि कुठपर्यंत पोहोचले ते वर लिहून मगच विचारला.